कोड त्र्याण्णव

स्वस्त विमान कंपनी म्हणजे प्रवाशाला उपाशी नेणारी कंपनी, अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या सासूबाईंची तर आजही आहे. सून विमानतळावर नोकरीला लागली याचं त्यांना कौतुक होतं, पण "हिच्या विमानात साधा चहासुद्धा विकत घ्यावा लागतो म्हणे" हे त्या चारचौघांत सांगायच्या तेव्हा मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. पुढं पुण्याच्या लोहगाव विमानतळावर बरीच वर्षं काढली आणि ते ओशाळणं गेलं, कारण तोवर हिशोब कळला होता. चहा आणि सँडविच वाचवून तिकीट हजार-दोन हजारांनी खाली येत नाही. ते खाली येतं विमान जमिनीवर कमी वेळ उभं राहिल्यामुळं.

विमान बहुधा भाड्यानं घेतलेलं असतं. भाडं डॉलरमध्ये, महिन्याच्या महिन्याला. ते उडालं काय आणि उभं राहिलं काय. दोन उड्डाणांच्या मधला वेळ जुन्या थाटाच्या कंपन्या पाऊण तास, तासभर धरायच्या. आमच्याकडे तो पंचवीस ते तीस मिनिटं. दिवसभरात एका विमानाच्या पाच-सहा फेऱ्या होत असतील, तर वाचलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासांतून आणखी एक फेरी निघते, आणि तिच्यासाठी वेगळं विमानभाडं मोजावं लागत नाही. त्यात पुढची ऐसपैस महागडी आसनं काढून टाकून सगळ्या एकसारख्या १८० खुर्च्या बसवल्या की खुर्चीमागचा खर्च आणखी खाली येतो. नियमानं दर ५० आसनांमागं एक केबिन क्रू लागतो. दीडशेच्या वर एक खुर्ची गेली तरी चारजण लागतात आणि दोनशेपर्यंत चारच पुरतात. मग खुर्च्या कमी का ठेवायच्या? सगळा धंदा असल्या गणितांवर उभा आहे.

ही युक्ती आपल्याकडची नाही. टेक्सासमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या साउथवेस्ट कंपनीकडे चार बोइंग विमानं होती. पैशांची चणचण आली म्हणून १९७२ मध्ये त्यांतलं एक विकावं लागलं, पण वेळापत्रक चार विमानांचंच चालवायचं होतं. ते तीन विमानांत बसवायचं तर दोन फेऱ्यांच्या मध्ये दहा मिनिटांहून जास्त थांबणं परवडणार नव्हतं, आणि त्यांनी ते करून दाखवलं. प्रशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट अशा आवेशात सांगितली जायची की आम्ही मुलींनी तिथूनच उठून धावत सुटावं. तेव्हा विमानात माणसं किती असायची, त्यांच्याबरोबर बोजा किती असायचा, असले प्रश्न त्या वर्गात विचारायचे नसत.

माझी सुरुवात चेक-इन काउंटरवर झाली, तिथून गेटवर, आणि मग बरीच वर्षं रॅम्पवर, म्हणजे थेट विमानापाशी. मला मनापासून आवडलं ते रॅम्पचं काम. विमान बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, येतं, इंजिनं मंदावतात, पोटाखालचा लाल दिवा विझतो. तो विझेपर्यंत कुणीही पाऊल पुढं टाकायचं नाही. मग चाकांना चॉक्स, म्हणजे अडसर, लागतात आणि माझं घड्याळ सुरू होतं. पुढच्या आणि मागच्या दाराला एकाच वेळी शिड्या, दुसऱ्या अंगाला बॅगांचा पट्टा आणि इंधनाचा बाउझर. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. आत केबिन क्रूच खुर्च्यांच्या खिशातले कागद आणि रिकाम्या बाटल्या गोळा करतात. सफाईची वेगळी टोळी चढवायला वेळ नसतो. सुरक्षेचा माणूस खुर्च्यांखाली वाकून बघतो, इंजिनिअर खालून चक्कर मारतो, गेटवर रांग सोडायची की नाही हे मी वॉकीटॉकीवर सांगते. वजनाचा आणि तोलाचा कागद कॅप्टनच्या हाती, त्यावर सही, दार बंद, पुशबॅक. यातलं काहीही दुसऱ्या कशासाठी थांबून करायचं नसतं, सगळं एकमेकांच्या अंगावरून चालतं. जमून येतं तेव्हा फार देखणं दिसतं.

या देखण्या कामाचा सगळ्यात जड वाटा विमानाच्या पोटात बसलेल्या लोडरांचा. ए-३२० च्या सामानाच्या कप्प्यात माणसाला ताठ उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसायचं, पट्ट्यावरून आलेली बॅग ओढायची, मागं सरकवायची, जाळी लावायची. शंभर-दीडशे बॅगा म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन, ते पंधरा मिनिटांत. एप्रिल-मेमध्ये पत्रा असा तापतो की आत हात टेकवत नाही. आमच्याकडची बहुतेक मुलं बीड, जालना, लातूरकडची, वाघोलीत एका खोलीत पाच-सहाजण राहणारी. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला सगळे मामा म्हणत, मीही म्हणायची.

"मामा, किती राहिल्या?"

"ईस हायेत ताई. आन् लेकराची ढकलगाडी एक. ती काय मिटंना."

ती ढकलगाडी मिटेपर्यंत दोन मिनिटं गेली, तर ती दोन मिनिटं कुणाच्या तरी नावावर लिहावी लागत. त्याबद्दल पुढं सांगते.

हा धंदा आपल्या देशात आला कसा, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९५३ च्या कायद्यानं विमान वाहतूक सरकारी झाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला खाजगी विमानं उडू लागली आणि १९९४ मध्ये तो कायदाच गेला. तरी विमान साहेबांचंच राहिलं. ते मोडलं बंगळूरच्या एअर डेक्कननं, ऑगस्ट २००३ मध्ये. कॅप्टन गोपीनाथ हे आधी सैन्यात, मग रेशमाची शेती करणारे, मग हेलिकॉप्टर भाड्यानं देणारे. त्यांनी पंखेवाली छोटी एटीआर विमानं घेतली, हुबळीसारख्या गावांना जोडली, तिकिटं थेट इंटरनेटवर विकली, पेट्रोल पंपावर आणि टपाल कार्यालयातही विकली. काही तिकिटं तर एक रुपयाला, वर कर वेगळे. कंपनीचं चिन्ह म्हणून त्यांनी आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' घेतला. चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला तो माणूस वर्तमानपत्रात सगळं मुकाट बघत उभा असायचा, त्याला विमानावर चढवलं. याहून नेमकी जाहिरात मला तरी आठवत नाही. मागोमाग २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो.

त्या लाटेवर मीही नोकरीत शिरले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं काही कडू गोष्टीही यायच्या आहेत. सुरुवातीच्या त्या दिवसांत काही कंपन्या आसन क्रमांक देतच नसत. जो आधी चढेल त्याला खिडकी. गेट उघडलं की माणसं रॅम्पवरून विमानाकडे अशी पळायची, जशी स्वारगेटला एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायला पळतात. इंजिनिअर कपाळाला हात लावायचे. एटीआरचा पंखा काही साधी गोष्ट नाही. त्या विमानाला जमिनीवर वीज पुरवणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजवं इंजिनच चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि त्यातून वीज घेतात. शेपटीखाली टेकू लावतात, कारण सगळे मागच्या दारानं चढतात आणि विमान मागं कलू शकतं. हे त्या पळणाऱ्या माणसांना कोण सांगणार? आम्ही हात पसरून उभ्या राहायचो, आणि जमेल तेवढ्यांना डाव्या अंगानं वळवायचो.

मोठ्या विमानांच्या तिकिटातली गणितं मला कळायला वेळ लागला. एकाच रांगेत बसलेल्या तिघांनी तीन वेगळे पैसे मोजलेले असतात, आणि ते एकमेकांना विचारतात तेव्हा शिव्या गेटवरच्या मुलीला पडतात. महिनाभर आधी घेणाऱ्याला स्वस्त विकायचं, कारण विमान भरेल याची खात्री त्याच्यामुळं येते. आदल्या दिवशी घेणाऱ्याला नड असते. दिवाळीत नागपूरच्या तिकिटाचा आकडा पाहून लोक मला विचारायचे, "मॅडम, ही स्वस्त कंपनी ना?" शेवटच्या वीस-पंचवीस खुर्च्यांवरच कंपनीचा नफा असतो, हे त्यांना सांगून काय उपयोग?

इंधन हा सगळ्यात मोठा खर्च, कित्येकदा एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत. त्यावरचा कर राज्यागणिक वेगळा. मुंबई-पुण्यात हा कर कित्येक वर्षं २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात तो १८ वर आणला. त्यामुळं जिथं कर कमी तिथून विमान जादा इंधन भरून यायचं आणि पुण्यात जेमतेम टाकायचं. जादा इंधन वाहून नेण्यातही इंधन जळतं, म्हणून त्याचाही हिशोब कुणीतरी केलेला असायचा. छोट्या विमानांची गंमत वेगळी. ८० हून कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत फेरीसाठी उतरण्याचं शुल्क लागत नाही. एटीआर-७२ च्या ७८ खुर्च्या त्या मर्यादेच्या आतच बसतात. हे मला एका वयस्कर डिस्पॅचरनं सांगितलं तेव्हा मी त्या विमानाकडे नव्या नजरेनं पाहिलं.

लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठाणं. धावपट्टी त्यांची, आम्ही पाहुणे. सुखोई उडत असले की आमचं विमान दार लावून, पट्टे बांधून, मुकाट उभं. आत प्रवासी विचारतात, "का थांबलोय?" आणि कॅप्टन सांगतो, "ट्रॅफिक." ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या डागडुजीसाठी रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद ठेवली होती, वर्षभर. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ चौदा दिवस पूर्णच बंद. रात्री बंद म्हणजे पहाटेची विमानं गेली, आणि पहाटेची विमानं म्हणजे धंद्याचा कणा. करोनाचं पहिलं वर्ष त्याच्याच मागंपुढं. मार्च ते मे २०२० देशातली नेहमीची प्रवासी उड्डाणं थांबली होती. ती पुन्हा सुरू झाल्यावर लवकरच मधल्या खुर्चीवरच्या प्रवाशाला अंगभर गाऊन घालून बसवायचं असा नियम आला. कडेचे दोघे शर्टात आणि मधला शस्त्रक्रियेला निघाल्यासारखा.

आता त्या मिनिटांबद्दल. विमान वेळेपेक्षा उशिरा निघालं की प्रत्येक मिनिटाला कारणाचा एक आकडा द्यावा लागतो. जगभर तेच आकडे चालतात. प्रवासी गेटवर उशिरा आला किंवा बेपत्ता असला तर १५, सामान चढवायला वेळ गेला तर ३२, इंधनामुळं असेल तर ३६, हवामान ७१ किंवा ७२. आणि ९३ म्हणजे येणारं विमानच आधीच्या गावाहून उशिरा आलं. ९३ हा आमचा लाडका आकडा. ९३ पडला की पुण्याच्या नावाला डाग नाही, चौकशीची मेल नाही, सकाळच्या बैठकीत मान खाली घालणं नाही. कधीकधी विमान उशिरा येणार असं कळल्यावर आमच्या ऑफिसात हायसं वाटायचं, इतकी त्या आकड्यांची सत्ता.

हा ९३ येतो कुठून ते समजून घेण्यासारखं आहे. पुण्याहून संध्याकाळी सातला बंगळूरला जाणारं विमान पुण्याचं नसतं. त्यानं सकाळी दिल्ली सोडलेली असते, मग लखनऊ, पुन्हा दिल्ली, असं करत करत पुणे. जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं पडलं आणि पहिलं उड्डाण दीड तास उशिरा निघालं, तर तो दीड तास भरून काढायला दिवसभरात कुठंही फट नसते, कारण फटीच तर आपण विकून खाल्लेल्या असतात. उशीर गावोगाव फिरत, वाढत संध्याकाळी पुण्याला पोचतो. गेटवर एक गृहस्थ काचेबाहेर बोट दाखवून म्हणतात, "अहो ताई, इथं लख्ख आभाळ आहे. बंगळूरलाही आहे, मी फोन करून विचारलं. धुकं कुठलं सांगताय?" त्यांचं काही चुकत नाही. मी त्यांना दिल्लीची सकाळ समजावून सांगते, ते मला आपण मूर्ख नाही असं समजावून सांगतात, आणि दोन तासांहून जास्त उशीर झाला म्हणून नियमाप्रमाणे मी फराळाची पाकिटं मागवते.

एकदा नागपूरच्या विमानाला गेट बंद झाल्यावर एकजण धावत आला. विमानतळाच्या रस्त्यावरच्या पाचशे नऊ चौकात अडकला होता. वडील त्या दिवशी सकाळी गेले होते आणि घरचे त्याच्यासाठी थांबले होते. दार अजून उघडं होतं, वजनाचा कागद झाला होता. कागदावर शेवटच्या क्षणीचा एक माणूस वाढवता येतो, त्याची सोय असते. मी कॅप्टनला विचारलं, ते लगेच हो म्हणाले. माणूस चढला, विमान सात मिनिटं उशिरा सुटलं. दुसऱ्या दिवशी मेल आली: सात मिनिटं, कोड १५, खुलासा करा. मी खरं तेच लिहिलं. उत्तर आलं की कारण समजलं, तथापि भविष्यात काळजी घ्यावी. लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे सगळ्या देशातल्या गावांची अशी सात-सात मिनिटं जमा होत होती, आणि त्यांची बेरीज करून त्याला वर द्यायची होती. उशिराच्या आकड्यांत मरणाला आकडा नाही एवढंच.

व्हीलचेअरवरून फार चेष्टा होते. चांगली चालती-फिरती माणसं फुकट मिळते म्हणून खुर्ची मागतात, रांग चुकवतात, वगैरे. अशी माणसं असतात, मी पाहिली आहेत. उतरल्यावर खुर्ची सोडून पट्ट्याकडे धावणारेही पाहिलेत. पण पुण्यात मला दिसलेली बहुतेक प्रकरणं निराळी होती. मुलगा न्यू जर्सीला, सून बाळंत व्हायची, आणि सत्तरीची आई एकटी पुण्याहून दिल्लीला, तिथून पुढच्या विमानानं जाणार. मुलानं तिकडून तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलेली. तिचे पाय ठणठणीत. रोज पर्वती चढत असेल. तिला खुर्ची हवी असते ती ढकलणाऱ्या माणसासाठी. दिल्लीचं ते अवाढव्य विमानतळ, हिंदी-इंग्रजी फलक, सुरक्षेतले खेकसणारे आवाज, या सगळ्यातून हात धरून नेणारं कुणीतरी असावं, आणि त्याची सोय विमान कंपनीच्या यादीत बहुधा याच एका नावाखाली मिळते. एक आजी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "मला चालता येतं हं. पण बसते. मुलाला बरं वाटतं."

आमच्यासाठी मात्र प्रत्येक खुर्ची म्हणजे मिनिटं. एका विमानाला दहा-बारा खुर्च्या असल्या की पंचवीस मिनिटांचं गणित तिथंच फसतं, कारण त्यांना आधी चढवायचं आणि शेवटी उतरवायचं. कागदावर मांडलेल्या विमानात सगळे प्रवासी तिशीतले, एक पाठपिशवी घेतलेले आणि इंग्रजी वाचता येणारे असतात. आमच्याकडे तसे यायचे ते सोमवारी पहाटे, आयटीवाले.

बाकीच्यांकडे सामान असायचं. १५ किलोची मर्यादा, आणि काट्यावर साडेसतरा. मग बॅग तिथंच जमिनीवर उघडायची, साड्यांच्या घडीतून चकलीचा डबा काढायचा, तो हातातल्या पिशवीत, मग पिशवीच सात किलोंच्या वर. आंब्यांच्या दिवसांत पेट्यांची रांग लागायची. सगळ्यात अवघड खोबरं. सुकं खोबरं विमानातून नेता येत नाही. त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. आता हे माहेराहून निघालेल्या बाईला सांगून पाहा. "खोबऱ्याच्या वाट्या आहेत हो, बॉम्ब आहे का?" कितीतरी घरच्या वाट्या आमच्या काउंटरवर राहिल्या. नियमाप्रमाणे त्या नष्ट करायच्या असतात. केल्या.

कडू भाग सांगायचा म्हणाले होते. काही वर्षांनी कंपनीनं जमिनीवरची बरीच कामं ठेकेदाराला दिली. गणवेश तोच, टोपी तीच, पगाराच्या चिठ्ठीवर नाव वेगळं आणि आकडा लहान. लोडर तर आधीपासूनच ठेक्यावर होते. नव्या आलेल्या मुली वर्ष काढायच्या आणि जायच्या, त्यामुळं प्रत्येक सणाच्या गर्दीला निम्मं काउंटर शिकाऊ. प्रवासी चिडला की तो कंपनीवर चिडलेला असतो, पण समोर कंपनी नसते; बावीस वर्षांची, रात्रपाळी करून उभी असलेली मुलगी असते. रद्द झालेल्या उड्डाणाला आम्ही तिघी अन् पलीकडे १८० माणसं, अशी संध्याकाळ मी कितीदा काढली असेल. वेळापत्रकात फट ठेवली नाही तरी फट लागतेच, ती मग माणसातून काढली जाते. हे बोलून दाखवलं की वरचे म्हणायचे, तुम्ही फार भावनिक विचार करता.

तरी या कंपन्यांना नुसती नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. नफा मुळात इतका पातळ, की थोडं चुकलं तर अख्खी कंपनी जाते. एअर डेक्कन २००८ मध्ये किंगफिशरमध्ये मिसळली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गोएअर, तोवर तिचं नाव गो फर्स्ट झालं होतं, मे २०२३ मध्ये. तिची निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी होती. अशा प्रत्येक वेळी आमच्या काउंटरवर दोन रांगा. एक दुसऱ्याच दिवशी, त्या कंपनीच्या प्रवाशांची, हातात मेलेलं तिकीट घेतलेली. दुसरी पुढच्या आठवड्यात, त्या कंपनीच्या माणसांची, बायोडेटा घेऊन. जेटमधून आलेल्या एक बाई कामात इतक्या सफाईदार होत्या की आम्ही त्यांच्याकडून घोषणा करायला शिकलो. पगार त्यांना आमच्याकडे निम्मा मिळाला.

इंडिगो टिकली याचं कारण लोक वक्तशीरपणा सांगतात. ते आहेच. पण त्यांनी २००५ मध्ये, एकही विमान उडवण्याआधी, १०० एअरबसची मागणी नोंदवली होती. एकगठ्ठा घेतल्यानं स्वस्त मिळालेलं विमान भाड्यानं देणाऱ्या कंपनीला विकायचं, तिच्याकडूनच परत भाड्यानं घ्यायचं, आणि काही वर्षांनी, मोठ्या दुरुस्तीचा खर्च यायच्या आत, परत करायचं. बरीच वर्षं एकाच जातीचं विमान ठेवलं, म्हणजे वैमानिक, इंजिनिअर, सुटे भाग सगळे कुठंही चालतात. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त त्यांचे होते. हे कौतुकाचं आहे, आणि भीतीचंही.

ती भीती डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिली. मी तोवर नोकरी सोडली होती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगांवर मर्यादा. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिक पुरेनात म्हणून इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, एका दिवशी तर हजाराहून जास्त. पुण्यात वैमानिकांची वाट पाहत उभ्या राहिलेल्या विमानांनीच बहुतेक बे अडवले, म्हणून दुसऱ्या कंपन्यांचीही विमानं खोळंबली. वैमानिकाला झोप लागते, हा काही अचानक लागलेला शोध नव्हता. टीव्हीवर माणसं काउंटरवर मुठी आपटताना दिसत होती. मी मुठींच्या पलीकडे बघत होते. ओळखीच्या दोन मुली होत्या. रात्री एकीला मेसेज केला, तिचं उत्तर दुपारी आलं: "ताई, सव्वीस तास झाले. आता घरी."

नातेवाईक अजून मला विचारतात, कुठलं विमान घेऊ? मी सांगते, पहाटेचं पहिलं. ते विमान रात्री तिथंच मुक्कामाला असतं, कुणाचा उशीर त्याच्या अंगावर नसतो. माझा धाकटा दीर दरवेळी हे लक्ष देऊन ऐकतो, "वहिनी, पण चार वाजता उठणार कोण?" म्हणतो, आणि संध्याकाळी सातचं चारशे रुपयांनी स्वस्त तिकीट काढतो. मग साडेसहाला त्याचा गेटवरून फोन येतो.

"वहिनी, इथं तर आभाळ अगदी मोकळं आहे…"

"त्र्याण्णव," मी म्हणते. "फराळाचं पाकीट माग. मिळतं."